स्लीप सात

माझी भाषा सोवळ्यातली.
उंबऱ्यावर प्रत्येकाला अडवते:
संख्या की अक्षर? कुठून आलास? रिकामा तर नाहीस?
पटलं तरच आत.

ट्रॉन्डुरची स्क्रिप्ट तशी नव्हती.
एकोणीस वर्षं ती टोर्सहाव्हनच्या बंदरात,
तळघरातल्या हीटरमागच्या मशीनवर बसून
धक्क्यावरच्या खांबाला वारा विचारायची
आणि येईल ते सांगायची,
आकडा, तारीख, कधी नुसतीच मोकळी जागा,
सगळं एकाच फडक्यात बांधलेलं.

मला काम एवढंच:
तिला माझ्या प्रोग्रॅममधून हाक मारायची,
म्हणजे नोल्सोयची फेरीबोट सोडायची की नाही
हे पडद्यावर हिरव्या-लालात दिसेल.

मी गाठोडं सोडलं. एकेका शब्दाला प्रकार दिला.
वेग: दशांश. दिशा: आठांपैकी एक.
मग तिच्या पोटात ही ओळ सापडली.
स्लीप सात.
ना खुलासा, ना टीप.
सात सेकंद कुणासाठी?
काढून टाकली.

दुपारी उत्तर आलं: शून्य.
शेलच्या गावात शून्य म्हणजे सारं आलबेल
(हे मला पहिल्यापासून खटकतं).
आणि मजकूर? काहीच नाही.
तक्रारी तर त्याने केव्हाच
तळ नसलेल्या विहिरीत सोडलेल्या,
ती ब्रसुद्धा काढेना.
माझी भाषा मात्र उंबऱ्यातच अडून बसली:
वेग कुठाय?
पडदा करडा.
खाली बोटीवरून हाइनी हात वर करून विचारतोय,
जाऊ की थांबू?

ट्रॉन्डुर होडीचा जुना रंग खरवडत होता.
प्रश्न पुरता ऐकलाही नाही.
"खांबाला थंडीत झोप लागते, रान्वा.
उठवलंस की लगेच बोलायला लावू नये.
सहा सेकंद लागतात त्याला."

"मग सात का?"

त्याने खरवडणी पँटला पुसली.
"एक माझ्याकडून."

ओळ परत जागेवर ठेवली.
माझ्या बाजूला आता असा प्रकार लिहिलाय:
वारा, किंवा अजून-नाही.
दोघांनाही आत घ्यायचं,
पण हिरवा दिवा एकालाच, तोही वारा बेताचा असेल तर.

वर टीप लिहायला घेतली.
सेन्सर, तापमान, विलंब,
तीनदा लिहिली, तीनदा खोडली.
शेवटी एवढंच ठेवलं:
सहा खांबाचे,
एक ट्रॉन्डुरचा.