परांची

हडर्सफील्डच्या कॉलेजात, संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर
निबंध लिहीत बसले आहे: शिकण्याचे सिद्धांत
आणि माझ्या अध्यापनात मी केलेला त्यांचा वापर.
तीन हजार शब्द. शुक्रवारपर्यंत.

पहिल्या प्रकरणात घंटा वाजते, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं.
मी लिहिते: ही पद्धत आता कालबाह्य.
लिहिताना टेबलाखाली पाय ताल धरतो,
चिपळूणच्या वखारीत फळ्या मोजणाऱ्या बाबांचा:
एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण…
अपूर्णांक म्हणजे काय, ते त्यांनी कधीच समजावलं नाही.
मला तो येतो.
हे कुठल्या मथळ्याखाली घालू?

दुसऱ्यात, शिकणारा आपलं ज्ञान आपणच रचतो.
त्यासाठी सप्टेंबरात रंगीत कागदाच्या पट्ट्या नेल्या.
दोन गवंडी, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी फिलिपा,
सगळे पट्ट्यांकडे बघत राहिले,
लग्नात चुकून पोरांच्या पंगतीला बसवल्यासारखे.

तिसऱ्यात आधार. एकट्याचा हात पोचत नाही
तिथवर पोचण्यापुरती परांची,
मग ती हळूहळू काढून घ्यायची.
हे वाक्य मला इतकं आवडलं की फळ्यावर लिहिलं.

क्लिफ बूथरॉइड हसला.
एकावन्न वर्षांचा, त्यातली तीस परांच्या बांधण्यात,
गुडघा गेल्यावर गणिताची परीक्षा द्यायला आलेला.
म्हणाला, मिस, बांधायला कुणीही शिकतं.
माणसं पडतात ती उतरवताना.
कुठला नट आधी सोडायचा ते बांधतानाच ठरवायचं.
आणि भिंत ओली असेल तर हात लावायचा नाही,
तारीख काहीही असो.

ओली आहे हे कळतं कसं?
त्यानं पंजा हवेत टेकवला, तिथे भिंत असल्यासारखा.
'कळतं.'

मग मी सहज विचारलं,
सात सोळांश मोठे की तीन अष्टमांश?
'माझा पाना सात सोळांशचा.
तीन अष्टमांशच्या नटवर तो नुसता गरगरतो.'
आणि मी त्याला तीन आठवडे पट्ट्या दिल्या होत्या.

काल तो एका बेरजेत अडला. वर पाहिलं त्यानं.
ओठांवर आलेलं मी गिळलं, हात खिशात घातले,
खिडकीतून पार्किंगमधला पाऊस बघत
थांबायचं किती ते मनात मोजत राहिले:
चार पाव एक, पाच पाव सव्वा, साही पाव…

दीडवर आले नव्हते,
मागे पेन्सिल चालू झाली.