चार वाजताची गाडी

अर्जाच्या शेवटी एक मोठी चौकट असते.
तुला काय हवंय, एवढंच विचारते.
ओउलूच्या पोस्टात तीस वर्षं मी पाकिटं तोलली,
निवृत्तीनंतर संस्थेसाठी ही चौकट तोलतो.
कुणी डॉल्फिन मागतं, कुणी घोडा,
एकाने आजोबांच्या बोटीला नवं इंजिन मागितलं होतं.
दिलं तेही. देणारे उदार आहेत,
आणि इथला हिवाळा लांब.

हिल्ला नऊ वर्षांची. डोक्यावर टोपी, टोपीवर कोल्हा,
कोल्ह्याचा एक डोळा निघालेला.
तिने लिहिलं होतं : पावाच्या गाडीत बसायचंय.
खेळण्यातल्या? मी विचारलं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहायचो
चुकीच्या खिडकीशी रांग लावलेल्या माणसाकडे.

खरी गाडी. चार वाजता येते.
खाली थांबते, मागचं दार करकरतं,
एक माणूस ट्रे उतरवतो, नाक पुसतो, जातो.
कुठे जातो मग?
त्या वेळी आणखी कोण कोण जागं असतं?
मला मोजायचंय.

आई शेजारच्या घडीच्या पलंगावर.
चौदा महिने ती तिथेच झोपते आहे.
विणता विणता तिच्या सुया थांबल्या,
एक टाका निसटला, तो तिने उचलला नाही.
"तू चार वाजता जागी असतेस?"
"रोज नाही," हिल्ला म्हणाली.
आणि जरा वेळाने :
"तू घोरतेस ना, तेव्हा बरं वाटतं."

बैठकीत कुणीतरी म्हणालं, एवढंच?
तिला म्हणावं, पॅरिससुद्धा मिळतं.
मी सांगून पाहिलं.
पॅरिसमध्ये मी कुणालाच ओळखत नाही, ती म्हणाली.
इथे तरी कुणाला ओळखते, हे मी विचारलं नाही.

राउनो, ड्रायव्हर, एकोणीस वर्षं रात्रपाळीचा,
हो म्हणायला त्याला दोन दिवस लागले.
मग त्याने गाडी आतून तीनदा धुतली.
डॉक्टरांनी रक्ताचे आकडे पाहून मंगळवार दिला.
गाडीत जागा तीनच : तो, ती, नर्स मेर्या.
आई आणि मी मागून, माझ्या जुन्या मोटारीत.
उणे एकोणीस. रस्त्यावर बर्फ पिठासारखं भुरभुरत होतं.
पुढे दोन लाल दिवे, थांबत, निघत,
शाळा, बंदरावरची खानावळ, वृद्धाश्रम.
आई काचेला नाक लावून पुटपुटत होती. बावीस, तेवीस.
"ती बाल्कनी दिसली असेल का हो तिला?"
मी म्हटलं, थांबून विचारू या.
नको, म्हणाली. चालू द्या.

यादी फाइलला जोडली आहे. पेन्सिलीने लिहिलेली.
एक : बंदरापाशी सिगारेट ओढणारी बाई.
चार : वृद्धाश्रमातले आजोबा, टाय बांधून बसलेले.
नऊ : रडणारं बाळ, म्हणजे दोघं किंवा तिघं.
सतरा : कुत्रा. मोजायचा का? राउनो हो म्हणतो.
मधली काही अक्षरं गाडीच्या धक्क्यांनी वाहून गेली आहेत.
एकतीस : तिसरा मजला, आमची खिडकी.
दिवा चालू राहिला होता. आत कुणी नव्हतं.
तरी धरली.

खर्च सात युरो, चमकतं जाकीट
तिच्या मापाचं आखडून घेतल्याचे.
हिशेबनिसाचा फोन आला, एखादं शून्य राहिलंय का?
नाही, म्हटलं.
फोटो एकच आहे, अहवालात घालण्याजोगा नाही,
जाकीट इतकं चमकलंय की चेहरा दिसत नाही.

हल्ली मलाही मध्येच जाग येते.
पूर्वी पाणी प्यायला अंधारातच चाचपडत जायचो,
विजेचं बिल, जुनी सवय.
आता स्वयंपाकघरातला दिवा लावतो,
आणि पेला विसळून झाला तरी
थोडा वेळ तसाच ठेवतो.