जागा अपुरी पडल्यास

टाइपरायटरचं एक अक्षर तुटलंय.
त्याची जागा मोकळी सोडतो मी,
पान संपलं की पेनने भरत जातो
दाणे टिपावेत तसं.
समोर लुशियस ब्रॉडनॅक्स,
हात मांडीवर, शाळेत पहिल्यांदाच बसवलेल्या पोरासारखे.

अलाबामा राज्याने दिलेली जन्मठेप,
राज्याच्याच वरच्या कोर्टाने एका ओळीत कायम केलेली.
आता उरलंय फेडरल कोर्टाचं दार
आणि त्या दाराला एक वर्षाची मुदत.
ते वर्ष सुरू कधी झालं
हे लुशियसला कुणी सांगितलंच नाही.
वकिलाचं पत्र सात महिन्यांनी आलं.
पाकिटावर जुन्या तुरुंगाचा पत्ता,
आत दोन ओळी
आणि खाली शुभेच्छा.

अर्जाचं नाव मेलेल्या भाषेतलं आहे.
मी त्याला अर्थ सांगितला:
देह तुमच्या ताब्यात आहे, तो हजर करा.
लुशियस हसला.
आला तेव्हा एकशे अठ्ठ्याऐंशी पौंड,
परवा दवाखान्याच्या काट्यावर एकशे सेहेचाळीस.
‘मधले बेचाळीस पौंड
कुणाच्या ताब्यात आहेत, तेही विचार.’

फॉर्मवर छापलंय:
फक्त घटना लिहा, कायदा सांगू नका.
जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र पान जोडा.

मुद्दा पहिला, वकील झोपला होता.
(खरोखर. ज्यूरीतल्या बाईने खोकून उठवलं.)
मुद्दा दुसरा मी घातला, वजन यावं म्हणून.
मुद्दा तिसरा:
पेट्रोल पंपावरच्या मिस अर्नेटाने त्याच रात्री सांगितलं होतं,
पळणारा माणूस लंगडत होता.
तो कागद सरकारी फायलीत अकरा वर्षं पडून राहिला,
पुतणीने मागितला तेव्हा सापडला,
कॉफीच्या कपाचा गोल डाग घेऊन.

लुशियस तेव्हा लंगडत नव्हता.
आता लंगडतो.
इथल्या मुदपाकखान्यात, ओल्या फरशीवर पडल्यापासून.
‘ते नको लिहूस,’ म्हणाला.
नाही लिहिलं.
त्या रात्री तू कुठे होतास, हे
मी कधी विचारलं नाही त्याला.
ते माझं काम नाही. माझं काम समास सोडणं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आम्ही कुठे चढतो?
आमचे कागद चढतात,
तीनशे त्रेसष्टाव्या दिवशी, संध्याकाळी,
सूर्यफुलाच्या बिया चघळणाऱ्या प्रुइट गार्डच्या हातून.
कैद्याचं पाकीट गार्डच्या हाती पडतं
तीच तारीख धरतात.
म्हणून मी त्याच्याकडून सही घेतली.
तो म्हणाला, किती संशयी रे तुम्ही लोक.

चौदा महिन्यांनी राज्याचं उत्तर आलं, एकसष्ट पानी.
चूक झाली असेलही, त्यात म्हटलं होतं,
पण ती अवाजवी चूक नव्हे.
लुशियसने ते वाक्य तीनदा वाचायला लावलं.
‘म्हणजे?’
म्हणजे चूक आहे, पण खपण्याजोगी.
‘कुणाला खपण्याजोगी?’
मी रिबन बदलायला घेतली.

आणि काल हे दुसरं पाकीट.
पहिला मुद्दा फेटाळला,
दुसरा फेटाळला (तो फेटाळणारच होते),
तिसऱ्यावर सुनावणी. नऊ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ.
अर्जदाराला प्रत्यक्ष हजर करावे.

प्रत्यक्ष.
एवढा एक शब्द मागायला
मी दोन रिबनी संपवल्या,
आणि आता तो आलाय
तर दोघंही गप्प.

प्रत्यक्ष म्हणजे पायांत बेड्या,
प्रत्यक्ष म्हणजे दारापासून टेबलापर्यंत
बारा-पंधरा पावलं,
भिंतीशी बसलेली मिस अर्नेटा, आता ऐंशीच्या पुढची,
चष्मा पुसून
पायांकडे बघणारी.

रात्री दिवे गेल्यावर तो उठतो.
पलंगापासून संडासापर्यंत चार पावलं,
परत चार.
एक जड, एक हलकं.
एक जड, एक हलकं.
मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत राहतो.
पहाटेच्या सुमारास कधीतरी
दोन पावलं सारखी वाजतात.

मग तो थांबतो. भिंतीला हात लावून
उभा असावा.