प्रकृतीच्या कारणास्तव

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीलगत माझा टाइपरायटर.
गायधनी वकील राजीनामा सांगतायत, तिसरा.
पक्ष वेगळा, मजकूर तोच; मला पाठ आहे.

मधेच त्यांना तो इंग्रज वकील आठवतो,
पावणेचारशे वर्षांपूर्वीचा,
वाचनालयातल्या वाळवी लागलेल्या पुस्तकातला:
पार्लमेंटात राजाविरुद्ध घसा फोडून बोलला,
राजाचं मुंडकं उडालं त्या सकाळी
तापाने अंथरुणात,
आणि राजाचा पोरगा परतला तेव्हा
बंदरावर पहिल्या रांगेत, टोपी हातात.
पुढे न्यायाधीश झाला.
जुन्या सोबत्यांना फाशी सुनावताना
आवाज कापला नाही म्हणे,
कागद तेवढा उलटा धरला होता.

"ताप खरा होता का हो?"
"ते पान वाळवीने खाल्लंय."

रामकुंडावर पाणी चढतं तेव्हा
गाव दुतोंड्या मारुतीकडे बघून पूर मोजतं:
गुडघे, कंबर, छाती.
एक तोंड येणारं पाणी बघतं, एक गेलेलं.
भिजतात दोन्ही.
हे मी साहेबांना सांगत नाही,
पानामागे वीस रुपये देतात.

कार्बन सरळ करतो.
"कारण काय टाकू?"

ते रुमालाने कपाळ पुसतात,
मग हात लावून बघतात
गरम आहे का.