दहिवरातली वाट

बर्फ मी पाहिला तो खानापूरच्या बाजारात,
सोडावाल्याच्या पेटीत, भुशात गुंडाळलेला.
आमच्या सड्यावर पडतं ते दहिवर.
संक्रांतीच्या आगेमागे पारवाडच्या वर
गवताची पाती न् पाती पांढरी होऊन वाकते
आणि त्यातून कुणी चाललं
की मागे काळपट रेघ उरते,
पाटीवर ओलं बोट ओढल्यासारखी.
ऊन येईपर्यंत टिकते.

मष्णूमामा म्हणायचा,
"खूर बघू नको नुस्ता, खुरातलं पाणी बघ.
गढूळ हाय, तर आत्ता गेलंय.
निवळलंय, तर चल घरला, चा पिऊ."

तीन रात्री लुमाण्णाच्या वाटाण्यात सांबर शिरत होतं.
मामाच्या खांद्यावर ठासणीची बंदूक.
तिचं लायसन घरी भिंतीवर, रवळनाथाच्या फोटोशेजारी, काचेत.
सगळं कानडीत. आमच्यात कुणालाच वाचता यायचं नाही,
खरं मामाचं नाव तेवढं आकारावरून ओळखायचो,
पावलावरून जनावर ओळखावं तसं.

मी बारा वर्षांचा.
हातात विझवलेला कंदील,
खिशात फुटाणे, चावायची बंदी असलेले.

ओढ्याकाठी कारवीचे शेंडे खुडलेले,
अंजनीची साल लोंबत होती, अजून ओली.
लेंड्यांवर मामाने उलटा हात धरला,
आई कपाळावर धरते तसा.
"ऊन हाय," म्हणाला, ओठांनीच.
विडीची राख चिमटीतून सोडली. ती आमच्याकडे आली.
वारा बरोबर होता.
पुढे फॉरेस्टचा दगड, त्यावर नंबर.
सांबराने त्यालाही अंग घासलेलं,
दोन राठ केस चिकटलेले.

रेघ वळली.
बांबूच्या बेटाला वळसा, मग उतार,
मग पुन्हा ओढा.
पुन्हा तीच अंजनी.

मामा थांबला.
चिखलात त्याच्याच पायताणाचा ठसा होता,
टायरची नक्षी मला पाठ.
आणि ठशाच्या मधोमध
दोन पाकळ्यांचा खूर.
पाणी गढूळ.

केव्हापासून कोण जाणे,
आम्ही त्याच्या मागावर होतो
आणि ते आमच्या.

मामा हसला, आवाज न करता, नुसतं पोट हलवत.
"शिकल्यालं दिसतंय की रे."
मला मागे वळून बघायचं होतं. मान वळेना.

ढोंक!
एकदाच. इतक्या जवळून
की कंदिलाची काच थरथरली.
मामाने बंदूक फिरवली, चाप ओढला,
घोडा खाली आला. टिक्.
बस्स, तेवढंच.
मग कारवी मोडत गेल्याचा आवाज,
आणि कणकुंबीच्या अंगाने ऊन वर आलं,
सगळी पाटी पुसली गेली.

हे सांगताना लोकांना वाटतं,
मामाने त्याला सोडून दिलं.
दया वगैरे काही नव्हती, दारू दमटली होती.
महिन्याभराने ते दुसऱ्या कुणाच्या तरी बाराला पडलं,
वाटा आमच्याही घरी आला, सागाच्या पानात, अंधार पडल्यावर.
मीही खाल्लं. चिवट होतं.

आता मी बेळगावात, पेन्शनीत.
डॉक्टरने सांगितलंय म्हणून
पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालतो.
डिसेंबरात तिथंही थोडं दहिवर धरतं.
कधी एखादी काळी रेघ झाडांकडे गेलेली दिसते.
कुत्रं असेल, नाहीतर माझ्याआधी उठलेला कुणी म्हातारा.
मी तिच्या कडेने चालतो, तिच्यावर पाय न देता,
मामाने शिकवलं तसं.

आणि परतताना, उगाच,
माझेच ठसे बघत येतो.