पातळी

बत्तीस वर्षं मी पाण्याची पातळी लिहिली.
पाटबंधारे उपविभाग, कुडाळ, दुसरा मजला.
खिडकीतून दिसायचा एसटी डेपोचा पत्रा.
कर्ली: तीन पूर्णांक सतरा.
धामापूर: सांडव्याखाली चाळीस सेंटिमीटर.
हिरवी शाई, उजवा रकाना, खाली सही.
पाणी मी कधी नीट पाहिलंच नाही.
मालवणच्या गाडीत पूल यायच्या आत
मान खिडकीवर पडलेली असायची.

निवृत्त झालो तर डॉक्टर साटेलकर म्हणाल्या,
गुडघ्यांना चालणं नको, सायकल घ्या.
यासीन खतीबकडून जुनी घेतली, बावीस इंची.
घंटी त्याने नवी बसवून दिली, फुकट.
"ब्रेकापेक्षा हीच कामाक येतली, काका.
ढोरां रस्त्यातच बसतत."

पहिला आठवडा पिंगुळी तिठा, आणि परत.
दुसऱ्या आठवड्यात नेरूर.
तिथे कळलं की चढ डोळ्यांना दिसत नाही,
मांड्यांना दिसतो.
कागदावर सपाट असलेलं हे गाव
मधेच दोन हात वर उचललेलं आहे,
गडग्यांमधून वळत, काजूच्या मोहोराचा
थोडा आंबूस वास घेत,
मग एकदम सोडून दिल्यासारखं खाली, वायंगणाकडे,
जिथे बायका वाकून तरवा लावत असतात
आणि एकजण न उठताच विचारते,
"गाडी इकलास काय, सायेब?"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नेरूरपारच्या पुलावर पोचलो.
धुकं अजून पाण्याला चिकटून होतं.
ओहोटी. नदी मागे सरकत होती,
काठाचा चिखल हळूहळू उघडा पडत होता
आणि पुलाच्या खांबावर ती पट्टी:
काळं-पांढरं, काळं-पांढरं, खाली कालवं चिकटलेली.
माझी सगळी नोकरी एका खांबावर.
सायकल कठड्याला लावली, हात थरथरले,
थंडीनेच असावेत.

खाली होडीत एक म्हातारा मुळे धूत होता.
विचारलं, पट्टी वाचणारे लोबो इथलेच ना?
पास्कू लोबो?
तो वर न बघता म्हणाला, "मीच. काय होया?"
मी नाव सांगितलं.
तेव्हा त्याने वर पाहिलं, बराच वेळ.
"माझ्या एकाचो सात करणारे तुमीच मां?"

त्याच्या एकाला लांब शेंडी असायची, खरंच.
मला तो सात वाटायचा.
तीन अकरा. मी लिहायचो तीन सतरा.
"दोनदा चिठी धाडलंय. कोण वाचता?
मगे म्हटलंय, जांव दे,
नदीक काय फरक पडता?"

म्हणजे किती तरी वर्षं
कागदावर ही नदी सहा सेंटिमीटर उंच वाहिली,
जिल्ह्याला गेली, नाशिकला गेली, तक्त्यात बसली,
आणि इथे एकाही माडाचा बुंधा
जास्त भिजला नाही.
मी हसायला लागलो. तो नाही हसला.
मुठीभर मुळे फडक्यात बांधून वर फेकले,
ते कठड्याला आपटून परत होडीत पडले.
मग हसला.

काळशाच्या पुढचा चढ मी चालतच चढलो, सांगायला लाज नाही.
वर सड्यावरून वारा आला, कोरडा,
आणि झाडांत कुठेतरी धनेशाचे पंख वाजले,
कुणी मोठं कापड झटकावं तसे.
मग पेडल न मारता उतार, उतार,
घंटी उगीचच वाजवत,
आणि उजवीकडे, अचानक नाही, हळूहळू,
झाडांच्या फटींतून, तुकड्यातुकड्याने, तळं.

चपला काढून पायऱ्यांवर बसलो.
जांभा अजून रात्रीइतका गार.
चौथी पायरी पाण्याखाली.
घोट्याच्या वर दोन बोटं.
लिहायला खिशात काही नव्हतं.

येताना चौदा किलोमीटरमध्ये तीनदा चेन उतरली.
रस्त्याकडेला बसून हाताने चढवत गेलो.
घरी पोचलो तेव्हा बोटं अशी काळी होती
की कुणी सही मागितली असती
तर अंगठाच उठला असता.