शेवटचा आकडा

पारोळ्याबाहेरचं सबस्टेशन.
रात्रपाळीला आम्ही तिघं, आणि ट्रान्सफॉर्मर,
जो काही सांगत नाही, पण गप्पही बसत नाही.

खेळ मनीषा सैंदाणेने आणला, धुळ्याच्या आयटीआयमधून.
म्हणाली, याचं पुस्तक असतं उशीएवढं,
वीस तोंडांचे फासे, नकाशे, रंगवलेले बोटभर शिपाई.
तिच्या स्टायपेंडमध्ये अर्धा शिपाई आला असता,
तोही घोड्याशिवाय.
म्हणून नियम तिने लॉगशीटच्या समासात लिहिले.
समासातही जागा उरली.

एकाने विचारायचं : मंग, आते काय करशी?
दुसऱ्याने सांगायचं.
होईल की नाही अशी शंका आली तर उठून मीटर बघायचा,
तामसवाडी फीडर, अँपिअर, शेवटचा आकडा.
सम आला, झालं.
विषम आला तरी झालं,
पण बदल्यात काहीतरी द्यायचं.
काय, ते देणाऱ्याने ठरवायचं.

म्हणजे फासा टाकणारे आम्ही नव्हतोच.
मोंढाळ्याला कुणी कांद्यावर मोटार सोडतं,
कुणाचं पोर रडत उठतं, दिवा लागतो,
आणि इकडे माझा उंटवाला दरीत जातो.
एका दिव्याने आकडा हलत नाही,
मी डिप्लोमा केलाय, मला कळतं.
तरी.

हिलाल बडगुजर पहिल्या रात्री नुसता तंबाखू मळत बसला.
मळताना त्याच्या डाव्या हाताकडे बघायचं नसतं.
दोन बोटं विचखेड्याच्या खांबावर राहिली,
परमिट घेतलेलं असताना.

दुसऱ्या रात्री मनीषाने विचारलं, काका, तू कोन व्हशी?
राजा हो, चोर हो, मांत्रिक हो, फुकट आहे.
तो इतका वेळ गप्प राहिला
की मी दोनचं रीडिंग घेऊन आलो.
"सनईवाला," म्हणाला. "लिखी ले."

गाव होतं, बिननावाचं. वेशीवर राखणदार,
शंभर वर्षं डोळा न मिटलेला.
मंग, आते काय करशी?
"वाजाडस."
आणि त्याने हात वर धरले, दोन्ही,
हवेतल्या सनईवर बोटं बसवली,
सगळी.

त्रेसष्ट पॉइंट सात.

राखणदार झोपला. वेस उघडली.
आता द्यायची पाळी.
"सनई लई जा," हिलाल म्हणाला,
"घर लई जा. मनं नाव लई जा.
बोटं मी देवाव नही."

बोटं कुणी मागितलीच नव्हती.
मनीषाची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच.
बाहेर आयसोलेटरवर एक घुबड येऊन बसलं, गेलं.
मग तिने लिहिलं : नाव दिलं.

उरलेली रात्र त्याला हाक कशी मारायची, ही पंचाईत.
चहा झाला तेव्हा मी नुसता ग्लास वाजवला.
तो वळला, हसत,
ग्लास डाव्या हाताने घेतला.

महिनाअखेर लॉगशीट वर गेली, समासासकट.
साहेबांचा फोन :
तीन वाजता "नाव दिलं", हा कुठला फॉल्ट?
मी म्हणालो, बघून सांगतो.
मीटरपाशी गेलो.
आकडा दोन आणि तीनच्या मध्ये फडफडत होता,
कुठंतरी कुणीतरी मोटारीच्या बटणावर बोट ठेवून
अजून ठरवत असावं.